टांकसाळीची चूक की नंतरचा घाव? जुन्या नाण्यांवरील खुणांची पारख

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवण्यासाठी वऱ्हाडातील पुष्कळ घरांतून आजही चांदीचे जुने रुपये बाहेर काढले जातात. कुणाकडे राणीछाप, कुणाकडे राजाछाप, कुणाकडे आजीच्या गळ्यातील माळेतून सुटलेले चार-दोन नाणे. पूजा आटोपल्यावर घरातील एखादा तरुण ते हातात घेऊन न्याहाळतो आणि त्याच्या लक्षात येते की, एका रुपयावर कमळाखाली टिंब आहे, दुसऱ्यावर नाही; तिसऱ्यावर सालाशेजारी एक जादा ठिपका दिसतो. ‘चुकीचे छापलेले नाणे लाखो रुपयांना जाते’ हे त्याने कुठेतरी ऐकलेले असते. येथून पुढे दोन वाटा फुटतात. एक वाट शांत अभ्यासाकडे जाते, तर दुसरी फसवणुकीकडे.

अमरावती आणि अकोला येथील सराफा बाजारात अशी नाणी घेऊन येणाऱ्यांची संख्या कमी नाही. त्यांपैकी बहुतेकांच्या हाती असलेली ‘चूक’ ही चूक नसतेच. ती एकतर टांकसाळीची नेहमीची खूण असते किंवा नाणे टांकसाळीतून बाहेर पडल्यानंतर त्याला झालेली इजा असते. खरी चूक क्वचितच आढळते. या तिन्हींमधील भेद ओळखता यावा, यासाठी हा लेख.

टांकसाळीची खूण म्हणजे काय?

एकाच राज्यात अनेक ठिकाणी नाणी पाडली जात असतील, तर कोणते नाणे कोठले हे कळावे आणि वजनात वा धातूत खोट आढळल्यास जबाबदारी निश्चित करता यावी, यासाठी टांकसाळीची खूण असते. आपल्या भागाला ही कल्पना नवी नाही. मुघलांच्या आणि पुढे निजामाच्या काळात एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे टांकसाळ होती. त्या काळातील नाण्यांवर फारसी लिपीत ‘जर्ब’ या शब्दासोबत गावाचे नाव येई. आजच्या टिंबाचे आणि चौकटीचे काम तेव्हा गावाचे नावच करीत असे.

मात्र ही नाणी हाताने पाडलेली होती. ठसा मोठा आणि धातूची चकती लहान, त्यामुळे मजकुराचा काही भाग चकतीच्या बाहेर जाणे हे नित्याचेच होते. एलिचपूरच्या नाण्यावर गावाचे नाव अर्धेच उमटले असेल, तर तिला चूक म्हणता येत नाही; ती त्या पद्धतीची मर्यादा होय. याहूनही जुने उदाहरण तऱ्हाळ्याचे आहे. तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील आणि आता वाशीम जिल्ह्यात असलेल्या मंगरुळपीर तालुक्यातील तऱ्हाळा येथे १९३९ मध्ये सातवाहनांच्या सुमारे दीड हजार नाण्यांचा साठा सापडला. नागपूरचे विद्वान वा. वि. मिराशी यांनी त्याचा अभ्यास केला आणि तोवर अज्ञात असलेल्या काही राजांची नावे उजेडात आली. अशा नाण्यांवर राजाचे नाव एका नाण्यावर पूर्ण मिळेलच असे नसते. एकावर सुरुवात, दुसऱ्यावर शेवट असे तुकडे जुळवून वाचन करावे लागते. एकच नाणे पाहून निष्कर्ष काढू नये, हा या शास्त्राचा पहिला धडा आहे आणि तो आजच्या रुपयालाही तितकाच लागू पडतो.

कलदार रुपया आणि त्यावरील खुणा

१८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलखासाठी एकसारखा रुपया सुरू केला. त्याचे वजन १८० ग्रेन म्हणजे ११.६६ ग्रॅम असून बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी होती. यंत्रावर पाडलेला म्हणून लोक त्यास कलदार म्हणू लागले. १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि हा रुपया येथेही रुजला. यंत्रावरील नाण्यात प्रत्येक नग सारखा असणे अपेक्षित असते. म्हणूनच ‘चूक’ या शब्दाला येथे खरा अर्थ प्राप्त होतो.

पारख करणाऱ्याने पुढील खुणा पाठच करून ठेवाव्यात.

राणी व्हिक्टोरियाच्या, १८७७ पासूनच्या सम्राज्ञी बिरुदाच्या रुपयांवर मागील बाजूस तळाशी नक्षीमध्ये बारीक ‘बी’ (मुंबई) किंवा ‘सी’ (कलकत्ता) हे इंग्रजी अक्षर आढळते. मुंबईचे ‘बी’ काही नाण्यांवर उठावाचे, तर काहींवर खोलगट असते. सातव्या एडवर्डच्या रुपयांवर मुंबईचे ‘बी’ खोलगट आहे, तर कलकत्त्याची खूण नाही. पाचव्या जॉर्जच्या रुपयावर मुंबईची खूण म्हणजे मागील बाजूस तळाच्या कमळाखालचे उठावाचे टिंब. कलकत्त्याच्या रुपयावर काहीही नाही.

स्वातंत्र्यानंतरही कलकत्त्याने खूण न देण्याची रीत कायम ठेवली. मुंबईची प्रमुख खूण सालाखालची चौकट. हैदराबादची टांकसाळ १९५० मध्ये भारत सरकारकडे आली. तिच्या सुरुवातीच्या नाण्यांवर मधोमध दुभंगलेली चौकट, नंतर पोटात टिंब असलेली चौकट आणि पुढे चांदणी दिसते. १९८८ मध्ये सुरू झालेल्या नोएडा टांकसाळीची खूण गोल टिंब आहे.

ज्या चुका नाहीतच

सर्वांत जास्त गैरसमज येथेच होतात. ‘माझ्या नाण्यावर खूणच नाही, म्हणजे ती छापायची राहिली,’ असे अनेक जण समजतात. खूण नसणे हीच कलकत्त्याची ओळख असल्यामुळे अशा नाण्यास चूक म्हणण्यापूर्वी शंभरदा विचार करावा.

दुभंगलेली चौकट पाहून ‘ठसा फुटलेला आहे’ असे म्हणणारेही भेटतात. नव्या पैशांच्या काळातील ती हैदराबादची अधिकृत खूण आहे. १९८५ च्या काही रुपयांवर चौकट सालाच्या मध्याखाली नसून पहिल्या अंकाखाली सरकलेली दिसते. ती मुंबईची चुकलेली चौकट नव्हे. त्या वर्षी नाण्यांची टंचाई दूर करण्यासाठी ब्रिटनमधील लँट्रिसंट येथील रॉयल मिंटकडून काही नाणी पाडून घेण्यात आली होती, तिची ती खूण आहे. त्याच सालच्या रुपयावर ‘एच’ असल्यास तो बर्मिंगहॅमचा. १९८८ च्या पंचवीस पैशांवरील ‘सी’ म्हणजे कॅनडातील ओटावा, १९९७ च्या रुपयावर ‘एम’च्या डोक्याशी बारीक वर्तुळ असल्यास मेक्सिको, आणि १९९८ च्या नाण्यावर लंबगोलात ‘एम’ असल्यास दक्षिण आफ्रिकेतील प्रिटोरिया. या साऱ्या खुणा योजून केलेल्या आहेत.

राणीछाप रुपयांपैकी १८६२ साल असलेले रुपये हा तर स्वतंत्र विषयच आहे. हे साल ठशावर तसेच ठेवून पुढील अनेक वर्षे रुपये पाडले गेले. प्रत्यक्ष वर्ष नाण्यावर येऊ लागले ते १८७४ पासून. मुंबईच्या अशा रुपयांवर बारीक टिंबे आढळतात आणि त्यांची संख्या कमी-अधिक असते. ही टिंबे नाणे प्रत्यक्ष पाडल्याचे वर्ष सुचवितात, असे अभ्यासक मानतात. म्हणजे १८६२ च्या रुपयावरील जादा ठिपका हा डाग नव्हे आणि चूकही नव्हे.

खरी चूक कशी जन्माला येते?

नाणे पाडताना कोरी चकती दोन ठशांच्या मध्ये, कड धरून ठेवणाऱ्या कड्यात बसते आणि प्रचंड दाबाखाली तिच्यावर एकाच वेळी छापा व काटा उमटतात. ठशावर जे खोल असते ते नाण्यावर उंच येते. ठशावर जे उंच असते ते नाण्यावर खोल जाते. एवढे एक सूत्र लक्षात ठेवले, तरी अर्धी पारख साधते.

ठशावरील खुणेच्या बारीक खड्ड्यात वंगण आणि धूळ साचून तो बुजला, तर त्या जागी धातू वर चढू शकत नाही आणि नाण्यावर खूण पुसट येते किंवा येतच नाही. ही खरी चूक आहे. ‘बी’ खोलगट असलेल्या नाण्यात मात्र ठशावरील अक्षर उंच असते. ते झिजले वा तुटले तरच नाण्यावरील अक्षर नाहीसे होते.

ठशाला तडा गेल्यास त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर उठावाची वेडीवाकडी रेघ उमटते. ठशाचा कपचा उडाल्यास नाण्यावर उठावाचा ठिपका येतो. असा ठिपका सालाखाली नेमका पडला, तर तो नोएडाच्या टिंबासारखा भासू शकतो. ठशाचे टिंब आकाराने रेखीव असते. कपच्याचा ठिपका बहुधा ओबडधोबड असतो आणि त्याच ठशाने पाडलेल्या सर्व नाण्यांवर त्याच जागी असतो.

काही देशांच्या टांकसाळींत खुणेचे अक्षर ठशावर हाताने ठोकण्याची पद्धत होती. तेथे पहिला ठोका तिरका पडून दुसरा मारला गेल्यास अक्षराची दुहेरी कडा नाण्यावर दिसते. अशी दुहेरी कडा ठशातच असल्यामुळे दोन्ही रेषा गोलसर, पूर्ण उंचीच्या आणि वेगवेगळ्या असतात. याउलट दाबाच्या क्षणी ठसा किंचित हलल्यास अक्षराची एक बाजू चपटी होऊन पायरीसारखी दिसते. हा दुसरा प्रकार फार सामान्य आहे आणि त्यास संग्राहक विशेष किंमत देत नाहीत.

आपल्याकडे संग्राहक ज्यास ‘लाखी’ म्हणतात, ते नाणेही टांकसाळीतच जन्मते. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले की पुढील चकतीवर एका बाजूस नेहमीचे उठावाचे चित्र आणि दुसऱ्या बाजूस तेच चित्र उलटे व खोलगट उमटते.

घाव कसा ओळखावा?

टांकसाळीबाहेर झालेल्या इजेचा नियम साधा आहे. घाव धातू निर्माण करीत नाही. तो फक्त सरकवतो किंवा खरवडून नेतो. म्हणून खड्ड्याच्या बाजूला ढकललेल्या धातूचा लहानसा बांध दिसला, तर ती चूक नसून मार आहे. ओरखडा अक्षराच्या माथ्यावरून सलग जात असेल, तर तो नाणे पाडल्यानंतरचा. टांकसाळीतील दोष नाण्याच्या इतर भागाइतकाच झिजलेला असतो. घावाच्या कडा मात्र पुष्कळदा ताज्या आणि चकचकीत राहतात.

वऱ्हाडातील जुन्या रुपयांवर काही विशिष्ट इजा वारंवार दिसतात. चांदीची परीक्षा करण्यासाठी सराफांनी मारलेले टोचे, यांत बारीक गोल टोचा कमळाजवळ पडला की तो टिंबासारखा वाटतो. पण टिंब उंच असते आणि टोचा खोल. माळेत ओवण्यासाठी लावलेल्या कडीचे डाग कडेवर राहतात. बंजारा स्त्रियांच्या दागिन्यांतील नाण्यांवर ते हमखास आढळतात. कडी काढून डाग घासलेला असेल, तर त्या जागी कडेच्या खाचा नाहीशा झालेल्या असतात. डाग देताना वितळलेल्या धातूचा थेंब नाण्यावर पडला, तर तो जादा खुणेसारखा दिसतो. त्याचा रंग मात्र मूळ चांदीहून वेगळा असतो.

पोरवयात रुळावर पैसा ठेवून गाडी जाण्याची वाट पाहिलेले लोक मूर्तिजापूर-अचलपूर पट्ट्यात आजही भेटतील. ‘शकुंतला’च्या चाकांखाली चपटे झालेले नाणे आकाराने मोठे आणि पातळ होते व त्यावरील अक्षरे ताणली जातात. टांकसाळीत अशी चूक संभवत नाही, कारण तेथे कडे चकतीला पसरू देत नाही. आणि कडे नसताना पाडलेल्या नाण्यावर अक्षरे ताणलेली नसून स्वच्छ उमटलेली असतात.

घरच्या घरी तपासणी

दहापट मोठे दाखविणारे भिंग, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणारा काटा, एक लोहचुंबक आणि तिरपा उजेड एवढे साहित्य पुरेसे आहे. तपासणी पुढील क्रमाने करावी.

पहिली पायरी, त्याच सालाचे, त्याच टांकसाळीचे चांगले नाणे शेजारी ठेवावे. नेहमीचे नाणे कसे असते हे ठाऊक नसेल, तर चूक ओळखता येणार नाही.

दुसरी, वजन. चांदीचा रुपया ११.६६ ग्रॅम, वापराने तो किंचित घटतो, पण फार हलका भरल्यास आम्ल, कानस किंवा खोटा धातू यांचा संशय घ्यावा. तांबे-निकेलचा रुपया १९७५ ते १९८२ या काळात ८ ग्रॅमचा, त्यानंतर १९९१ पर्यंत ६ ग्रॅमचा, आणि १९९२ पासूनचा पोलादी रुपया ४.८५ ग्रॅमचा होता. संक्रमणाच्या काळात दोन धातूंची गल्लत झाल्याचा दावा कुणी करीत असेल, तर आधी वजन आणि चुंबक यांची साक्ष काढावी. तांबे-निकेल चुंबकाला चिकटत नाही, पोलाद चिकटते.

तिसरी, खूण आणि तिच्या शेजारची नक्षी यांची झीज ताडून पाहावी. कमळाच्या पाकळ्या गुळगुळीत झालेल्या असतील, तर टिंबही झिजूनच गेले असणार. पाकळ्या स्पष्ट आणि टिंब मात्र नाही, असे असल्यास नाणे कलकत्त्याचे असू शकते, ठसा बुजलेला असू शकतो किंवा टिंब कुणी घासून काढलेले असू शकते. घासलेल्या जागी तिरप्या उजेडात समांतर रेघा आणि निराळी चमक दिसते.

चौथी, नाणे उलटून नेमकी विरुद्ध जागा पाहावी. एका बाजूस जोराचा मार बसला असेल, तर दुसऱ्या बाजूस चित्र दबलेले आढळते. टांकसाळीच्या मूळ खोलगट अक्षरामागे असे काही नसते आणि त्याभोवती धातूचा बांधही नसतो.

मुद्दाम केलेल्या चुका

दुर्मिळतेला भाव आला की बनावटही येते. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा चांदीचा रुपया अत्यंत दुर्मिळ असल्यामुळे १९३८ च्या रुपयातील शेवटचा अंक कोरून ‘९’ केलेली नाणी बाजारात फिरतात. त्याच हातोटीने टिंब घासले जाते किंवा नसलेले टिंब चिकटविले जाते. चिकटविलेल्या खुणेच्या बुडाशी भिंगातून बारीक सांधा दिसतो. दोन नाणी शिकंज्यात दाबून ‘लाखी’चा आभास निर्माण करण्याचा प्रकारही जुनाच आहे, त्यात उलटे चित्र अर्धवट आणि उथळ उमटते व मूळ चित्राचे अवशेष खाली शिल्लक राहतात. चलनातील नाणे विद्रूप करणे वा वितळविणे हा २०११ च्या नाणे कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही ध्यानात असावे.

याहून मोठा धोका नाण्यात नसून दूरध्वनीवर असतो. ‘तुमचे नाणे अमुक लाखांना घेतो, त्याआधी नोंदणी शुल्क किंवा कर भरा,’ असे सांगून पैसे उकळण्याचे प्रकार इतके वाढले की, रिझर्व्ह बँकेला ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर खुलासा करावा लागला. जुन्या नोटा व नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आपला संबंध नाही, त्यासाठी कोणतेही शुल्क वा कमिशन आपण घेत नाही आणि कुणाला तसे अधिकारही दिलेले नाहीत, असे बँकेने स्पष्ट केले. खरा ग्राहक आधी नाणे हातात घेऊन पाहतो. तो विकणाऱ्याकडून पैसे मागत नाही.

नाणे जपावे कसे?

नाण्याचे सर्वाधिक नुकसान प्रेमापोटीच होते. दरवर्षी पूजेपूर्वी चिंच, लिंबू किंवा भांडी घासण्याच्या पावडरीने रुपये उजळण्याची आपल्याकडील प्रथा त्यांच्या खुणांच्या मुळावर आली आहे. कमळाखालचे ते टिंब टाचणीच्या माथ्याएवढे. दहा-वीस दिवाळ्यांच्या घासणीत ते नाहीसे होते आणि मुंबईचा रुपया कलकत्त्याचा दिसू लागतो. काळवंडलेपण हा चांदीचा दोष नसून संरक्षक थर आहे. नाणे कडेने धरावे, कोरड्या कागदी पाकिटात ठेवावे, आणि हळद-कुंकू वाहायचेच असेल तर त्यासाठी एखादे आधीच झिजलेले नाणे राखून ठेवावे.

नांगरताना किंवा जुने घर पाडताना नाण्यांचा साठा सापडल्यास प्रश्न केवळ किमतीचा राहत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा सापडल्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि खासगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाहीत. तऱ्हाळ्याचा साठा आटवून त्याचा धातू विकला गेला असता, तर त्या राजांची नावे कायमची हरवली असती.

ज्यांना हा विषय पुढे शिकावयाचा आहे, त्यांनी नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजबबंगला, आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेचे संग्रहालय अवश्य पाहावे. शेकडो नाणी एकापाठोपाठ एक पाहिल्याने नजर तयार होते. वर्णने वाचून ती होत नाही.

शेवटी एक गोष्ट. तुमच्या हातातील नाण्यावर चूक नाही असे आढळले, तरी निराश होण्याचे कारण नाही. कमळाखाली ते टिंब आहे की नाही, एवढ्यावरून पणजीच्या माळेतला रुपया मुंबईत पाडला गेला की कलकत्त्यात, हे आज वऱ्हाडातल्या घरात बसून सांगता येते. ती माहिती शाबूत ठेवायची असेल, तर येत्या दिवाळीत रुपया चिंचेच्या पाण्यात टाकण्यापूर्वी तो एकदा भिंगाखाली धरावा.